तिखट कानाचे मिस्त्री

मिस्त्रींना नाव होतं, पण ते कारखान्याच्या हजेरीपटावरच राहिलं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात शिलाईची ऐंशी मशिनं होती आणि ती ऐंशीच्या ऐंशी चालती ठेवायचं काम चौतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. शिवणाऱ्या बायका त्यांना मिस्त्री म्हणत, मालक मिस्त्री म्हणे, आणि घरी बायकोसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. "अहो म्हटलं की अर्धी गल्ली वळून बघते," ती म्हणायची, "मिस्त्री म्हटलं की एकच माणूस येतो."

मिस्त्रींची खरी मिजास होती ती कानांची. मशीन बिघडलं की दुसरे मेकॅनिक ते उघडून बसत. मिस्त्री आधी ऐकत. खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक मशीनच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचे आणि शिवणाऱ्या बाईला म्हणायचं, "हं, चालव." ऐंशी मशिनांच्या कल्लोळात त्यांना तेवढं एकच मशीन ऐकू यायचं. "शटल घासतंय," म्हणायचे, नाहीतर "सुई उशिरा येतेय." उघडून बघावं तर तेच. एका बाईने एकदा चांगल्या मशीनची तक्रार केली, तर मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर मशीनला न लावता तिच्या जेवणाच्या डब्याला लावला आणि जाहीर केलं, "मशीन ठणठणीत आहे, बाईंना घरी लवकर जायचंय." पुढे कितीतरी दिवस त्या बाईला सगळे डबा दाखवून चिडवत होते.

मालकाने एकदा सगळ्यांना कानात घालायचे बोळे वाटले. बायकांनी घातले, मिस्त्रींनी खिशात टाकले. "मीच कान बंद केले तर मशीन कशाने ऐकू, नाकाने?" असं म्हणून त्यांनी उघड्या कानांनी ऐंशी मशिनं ऐकली, आणि त्या मशिनांनी त्यांचे कान खाल्ले. हळूहळू खाल्ले, म्हणून कळलं नाही. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसांच्या बोलण्यातली टोकं. राहिले ते जाड, दणकट आवाज आणि हाडातून येणारे. स्क्रूड्रायव्हर टेकवला की मशीन अजून बोलायचं. त्यामुळे मिस्त्रींची पक्की समजूत होती की कान जागेवर आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

आता मिस्त्री चौऱ्याहत्तरचे. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगी पन्नाशीची, आई गेल्यावर ती वडिलांकडे राहायला आली. दिवसभर टपाल कचेरीच्या खिडकीवर लोकांशी बोलायचं आणि घरी येऊन वडिलांशी ओरडायचं, असा तिचा दिनक्रम. ओरडून ओरडून झालं असं, की घरात ती ओरडून सांगण्याजोगं तेवढंच सांगू लागली. जेवलात का, गॅस बंद केला का, दाराला कडी लावा. आज खिडकीवर कोण गमतीचं माणूस आलं होतं, हे कोण घसा ताणून सांगणार? मिस्त्रींना वाटायचं, पोरगी अबोल होत चाललीय, वयच तसं.

कानांचा विषय काढला की मिस्त्री एकच पुरावा पुढे करायचे. "तुझी आई पुढच्या खोलीत मशीन चालवायची, मी मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि एक बंद दार. तरी मला ते ऐकू यायचं. ती अंथरुणाला खिळली त्या आठवड्यापर्यंत ऐकू यायचं. बहिऱ्याला येतं का?"

मुलगी विषय सोडून द्यायची, कारण ती गोष्ट खरी होती.

बायको शिवणकाम घ्यायची. पायाने चालवायचं काळं मशीन, लोखंडी स्टँड, खाली रुंद पॅडल. मिस्त्री सुट्टीच्या दिवशी, आणि पुढे निवृत्तीनंतर रोज, मागच्या खोलीत बाकावर लोकांची मशिनं दुरुस्त करत बसायचे. पुढून आवाज यायचा, टक्, टक्, टक्, एका लयीत. वळण आलं की हळू, सरळ शिवण आली की भरभर. तो आवाज चालू असला की मिस्त्रींचा हात निवांत चालायचा. थांबला की ते मान वर करायचे. थांबला म्हणजे एकतर चहा झालाय, नाहीतर सुईत दोरा जात नाहीये, नाहीतर कोणी आलंय. मिस्त्री हात पुसत पुढच्या खोलीत हजर व्हायचे.

"मी हाक मारली नव्हती. कसे आलात?" ती विचारायची.

"कान आहेत मला," मिस्त्री म्हणायचे.

आल्यागेल्याला ती कौतुकाने सांगायची, "आमच्या मिस्त्रींचे कान भारी तिखट." त्या एका वाक्यावर मिस्त्रींनी कितीतरी वर्षं ताठ मानेने काढली.

एवढं मात्र खरं, की ते टक्-टक् मशीनचं नव्हतं. मशीनला असा आवाज नसतो. पॅडल आणि मोठं चाक जोडणारा जो उभा दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाचा नट सैल झाला की दांडा ठोकतो. सहा महिने शिकलेल्या पोरालाही हे कळेल. ते ठोकणं सुरू झालं तेव्हा मिस्त्री अजून कारखान्यात नोकरीला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पाना उचलला होता. बायको मशीनपुढे आडवी उभी राहिली. "माझ्या मशीनला हात लावायचा नाही. कारखान्यातली ऐंशी पुरे नाहीत का?" पुढेही चार-सहा वेळा त्यांनी विषय काढला आणि दर वेळी तिने उडवून लावला. मेकॅनिकच्या घरचं मशीन ठोकतंय म्हणजे नाचक्कीच, पण बायकोचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. त्यांनी शब्द दिला आणि पाळला. ती गेल्यावरही पाळला. तीन वर्षं फक्त वरची धूळ पुसली.

शेवटी मुलीने एक दिवस रजा काढली आणि त्यांना कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मिस्त्रींनी दर वेळी बरोबर दाबलं. डॉक्टरीणबाई चकित झाल्या, मग त्यांच्या लक्षात आलं. आवाज सोडताना त्यांचा उजवा खांदा किंचित हलत होता आणि मिस्त्री काचेतून त्या खांद्यावर टपून बसले होते. बाईंनी खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसल्या. त्यानंतर मिस्त्रींनी बराच वेळ बटण दाबलंच नाही.

दोन्ही कानांना यंत्रं लागणार होती. कानामागे बसणारी, बोटाच्या पेराएवढी. महिनाभर वापरून बघा, नाही पटली तर परत करा, असं ठरलं. मिस्त्री परत करायचंच ठरवून बसले होते, पण मुलीचा रडवेला चेहरा बघून त्यांनी एक अट घातली.

"मला एकच आवाज ऐकायचाय. आईचं मशीन. मागच्या खोलीत बसून, पूर्वी यायचा तस्साच. तो आला तर ठेवीन. नाही आला तर ही खेळणी परत, आणि पुन्हा माझ्या कानांबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल," यंत्रं त्यांच्या कानांमागे बसवून झाल्यावर मुलगी म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती हे न ओरडता म्हणाली आणि मिस्त्रींना ऐकू आलं. ते दचकलेच. हिच्या आवाजात आईची खरखर कधी आली?

घरी आल्यावर त्यांना कळेना की घरात एवढं काय काय बोलतं. वर्तमानपत्र कडकड वाजत होतं. नळ गळत होता. कोणीतरी पाय घासत चालत होतं, ते स्वतःच निघाले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तेलाची बाटली घेऊन सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, पंख्याचं बेअरिंग गेलंय असा निकाल दिला आणि फ्रीज सरकवून त्याचा एक पाय वर केला. मुलगी हसत सुटली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कोणी एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी खिडकीवर येतात, स्वतःच्याच पत्त्यावर पत्र टाकतात, आणि उशिरा पोचलं की येऊन भांडतात, त्याची ती नक्कल करत होती. नक्कल फर्मास होती. मिस्त्री दाराआड उभे राहून तोंडावर हात धरून हसले आणि मग त्यांचं हसू गेलं. पोरगी अबोल मुळीच नव्हती. ती फक्त त्यांच्याशी बोलत नव्हती.

आवाजाचं मात्र ते पुढे ढकलत राहिले. मुलगी विचारायची, "बसू का आईच्या मशीनवर?" मिस्त्री म्हणायचे, "आज नको, यंत्र अजून कानात रुळलं नाही." खरी गोष्ट अशी, की ते घाबरले होते. बायकोचं बाकी सगळं गेलं होतं. कपडे वाटून टाकले, चष्मा कुठे गेला कळलं नाही, आवाज तर पकडून ठेवता येत नाही. राहिलं होतं ते टक्-टक्. तेच जर बदललेलं निघालं, तर डोक्यात जपलेलं आहे तेही जाईल, असं त्यांना वाटायचं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. सोमवारी यंत्रं ठेवायची की परत करायची ते सांगायचं होतं. सकाळचा चहा झाल्यावर मुलीने न विचारता मशीनवरची खोळ काढली. ती आईनेच शिवलेली होती, कडेला निळी पट्टी. मिस्त्री मागच्या खोलीत जाऊन बाकावर बसले. दार लावून घेतलं. यंत्रं नीट बसल्याची दोनदा खात्री केली.

पुढच्या खोलीतून आवाज आला.

ठक्! खट्! ठक्! खट्! कोणी ऐरणीवर हातोडा घालतंय, असा. मिस्त्री ताडकन उठले. पुढे येईपर्यंत आवाज आणखी वाढला. "थांब, थांब! हे काय चालवलंयस?"

मुलीने पाय उचलले. "आईचं मशीन."

"हा तिचा आवाज नाही. तीन वर्षं पडून सगळं खिळखिळं झालंय. नाहीतर ह्या तुझ्या खेळण्यांनी आवाजाची माती केली."

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "तो असाच होता. मी सुट्टीत आले की डोकं उठायचं माझं. समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. किती वेळा सांगितलं आईला, बाबांना नट आवळायला सांग. ती नुसती हसायची."

मिस्त्री खालीच बसले. एवढा दणका ह्या घरात बारा महिने चालला होता? गल्लीला ऐकू जाईल असा? आणि आपण त्याला टक्-टक् म्हणत होतो, कोणी बोटाच्या टोकाने दार वाजवावं तसं! ज्यांनी ऐंशी मशिनांना हूं की चूं करू दिलं नाही, त्यांच्याच घरी हे. मिस्त्रींचं तोंड लाल झालं.

"पाना आण," ते म्हणाले.

"आणि तुम्ही दिलेला शब्द?"

"आता परवानगी कोणाला मागू? आण पाना."

सवयीने त्यांनी आधी स्क्रूड्रायव्हर काढला. टोक दांड्याला लावलं, मूठ कानामागे टेकवली, ती नेमकी यंत्रावर. यंत्राने अशी शिट्टी घातली की मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टाकून दिला. दोन शेलक्या शिव्या हासडून त्यांनी दोन्ही यंत्रं काढली, मशीनच्या फळीवर ठेवली आणि ते स्टँडखाली वाकले. घर पुन्हा गप्प झालं.

नटाला दोरा गुंडाळलेला होता.

मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. तपकिरी, जाड, मेण लावलेला दोरा. नट आणि बोल्ट दोन्हींवर घट्ट वेढे, आणि शेवटी काजाच्या टाक्याची गाठ, जी बायको कोटाच्या बटणाखाली घालायची. नट आपोआप सैल होतो, हे मिस्त्रींना मान्य होतं. पण आपोआप सैल झालेला नट स्वतःला दोऱ्याने बांधून घेत नाही. हा कोणीतरी मोजून सैल केला होता, आणि आणखी सैल होऊ नये म्हणून बांधला होता.

त्यांनी सुईने दोरा उकलला. खाली आट्यांमध्ये, मेणात चिकटलेले, गडद निळ्या दोऱ्याचे तुकडे. त्याच्याही खाली पांढऱ्याचे. बोल्टवर नटाच्या बसण्याच्या चकचकीत खुणा, अर्ध्या अर्ध्या आट्याच्या अंतराने. तीनदा सैल केला होता. एकूण दीड आटा.

मुलगी शेजारी गुडघे टेकून बसली होती. तिने तो तपकिरी दोरा हातात घेतला आणि काहीतरी बोलली. मिस्त्रींनी एक यंत्र उचलून कानाला लावलं. "काय म्हणालीस?"

"हा माझ्या कोटाचा दोरा आहे. ती गेली त्याच्या आधीच्या थंडीत शिवला होता तिने."

निळा मिस्त्रींना ओळखू आला. गावातल्या शाळेने गणवेश बदलला आणि ते शिवायचं काम बायकोकडे आलं, त्या वर्षी घरात दुसरा रंगच नव्हता. त्यालाही नऊ-दहा वर्षं झाली. आणि पांढरा सगळ्यात जुना, ती मशीनपुढे आडवी उभी राहिली तेव्हाचा. अठरा वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्यांचे कान जायला लागले हे त्यांना कळायच्या कितीतरी आधी तिला कळलं होतं. तिने हाका मारून बघितल्या असतील. मिस्त्री आले नसतील, चहा निवला असेल. मग ह्या बाईने भांडण केलं नाही, डॉक्टर म्हटलं नाही, मिस्त्रींच्या मिजाशीला धक्का लावला नाही. त्यांचाच पाना घेतला आणि त्यांना ऐकू जाईल इतका नट सैल केला. कान आणखी गेले तेव्हा आणखी अर्धा. मग आणखी अर्धा. आणि त्यांनी हात पुसत येऊन "कान आहेत मला" म्हटलं की कौतुकाने बघत राहिली. ताकास तूर लागू दिली नाही.

"कान तिखट म्हणायची," मिस्त्री म्हणाले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी नट होता तिथेच ठेवला, दोऱ्याचा तात्पुरता वेढा दिला आणि कानातलं यंत्र काढलं. "मी मागे जातो. तू चालव. पूर्वी ऐकायचो तसं ऐकतो."

ते बाकावर बसले. दार लावलं. वाट बघितली. काही नाही. पोरगी उठून गेली की काय? आणखी थोडं थांबले. मग उठून दार उघडून पुढच्या खोलीत आले, तर मुलगी मान खाली घालून जोरजोरात पॅडल मारत होती. दांडा वरखाली होत होता, स्टँड थरथरत होता. आणि मिस्त्रींच्या कानात काहीही नव्हतं.

गेल्या तीन वर्षांत कान आणखी गेले होते, आणि नट अर्धा आटा सैल करायला घरात कोणी नव्हतं.

मिस्त्रींनी फळीवरची दोन्ही यंत्रं उचलली, कानांमागे बसवली आणि पाना हातात घेतला. मुलीला वाटलं, आता ते नट पार आवळून टाकणार. त्यांनी अर्धा आटाच आवळला. मागे जाऊन बसले, ऐकलं, परत आले. अजून पाव. पुन्हा मागे. कारखान्यात कुठल्या मशीनसाठी त्यांनी एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या. चौथ्या वेळी बाकावर बसले आणि बंद दाराआडून, दोन भिंतींपलीकडून तो आला. टक्, टक्, टक्. वळणावर हळू, सरळ शिवणीवर भरभर. तस्साच. मिस्त्रींनी डोळे मिटले.

नट त्यांनी त्याच जागी तपकिरी दोऱ्याने बांधला. गाठ काही जमेना, नुसता गोळा झाला. काजाचा टाका मुलीने घातला.

मग ती उशीचा एक उसवलेला अभ्रा घेऊन मशीनवर बसली आणि मिस्त्री पुन्हा मागे जाऊन रिकाम्या बाकावर बसले. दुरुस्तीला काही नव्हतं, तरी फडक्याने पाने पुसत राहिले. पुढून आवाज येत होता.

थांबला.

मिस्त्री उठले, हात पुसले आणि पुढच्या खोलीच्या दारात उभे राहिले. मुलगी डोळे बारीक करून सुईत दोरा घालायला बघत होती. तिने वर बघितलं. "मी हाक मारली नव्हती," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "कसे आलात?"

उत्तर मिस्त्रींच्या ओठांवर होतं, पण ते त्यांना म्हणवलं नाही. त्यांनी तिच्या हातून दोरा घेतला, टोक ओलं केलं आणि एका फटक्यात सुईत ओवलं.

"उद्या जाताना मी डॉक्टरीणबाईंकडे..." मुलीने विचारायला सुरुवात केली.

"सांग त्यांना, ठेवतोय." मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि मशीनशेजारी बसले. "आता मला सांग, तो स्वतःलाच पत्र टाकणारा माणूस काल आला होता का? आणि ओरडू नकोस. सावकाश सांग."